किती आठवडे, आणि बाळ कुठे ठेवणार?

वेळेआधी कळा सुरू झालेल्या बाईला दिले जाणारे डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचे इंजेक्शन अवघ्या काही रुपयांना मिळते. आमच्या बीड जिल्ह्यात त्याला नुसते ‘डेक्सा’ म्हणतात आणि त्याची ख्याती काही चांगली नाही. ताप असो, अंगदुखी असो की अशक्तपणा, सलाईनच्या बाटलीत डेक्सा सोडून पेशंटला तासाभरात तरतरी आणून देणारे लोक गावोगाव आहेत. त्यामुळे एखादा जाणता नातेवाईक जेव्हा विचारतो, “मॅडम, पोटुशी बाईला डेक्सा कशाला?”, तेव्हा मला त्याचा राग येत नाही, उलट बरे वाटते. प्रश्न रास्त आहे; उत्तर मात्र लेबर रूमच्या दारात उभ्या उभ्या देता येण्याजोगे नाही. तालुक्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना हे उत्तर मी नेहमी तुकड्यातुकड्यांत देत आले आहे. आज ते सलग लिहून काढते.

दिवस भरण्याच्या बऱ्याच आधी जन्मलेल्या बाळाची मुख्य अडचण श्वासाची असते. श्वास सोडल्यावर फुप्फुसातील वायुकोश पूर्ण मिटून जाऊ नयेत म्हणून त्यांच्या आतून सर्फॅक्टंट नावाच्या पदार्थाचा पातळ थर असावा लागतो. हा थर गर्भारपणाच्या शेवटच्या आठवड्यांत पुरेसा तयार होतो. तो नसला की बाळाला प्रत्येक श्वास नव्याने, सारी शक्ती लावून घ्यावा लागतो. बरगड्यांखालची कातडी आत खेचली जाते, बाळ कण्हू लागते आणि शेवटी थकते. मेरी एलन एव्हरी यांनी १९५९ मध्ये हे कारण दाखवून दिले, पण उपाय तेव्हा हाती नव्हता. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक ऑगस्ट १९६३ मध्ये साडेपाच आठवडे आधी जन्मला, त्याचे वजन दोन किलोहून थोडे अधिक होते, आणि तो ३९ तासांत श्वासाच्या याच आजाराने गेला. आज तसल्या वजनाची बाळे अंबाजोगाईहून, लातूरहून आईच्या कडेवर घरी जाताना मी नेहमी पाहते. जगातला सर्वांत बलाढ्य बाप तेव्हा जे करू शकला नाही, ते आज आमच्याकडच्या ऊसतोड मजुराच्या घरी घडते, यात आईला दिल्यावर पोटातल्या बाळाच्या फुप्फुसांना सर्फॅक्टंट लवकर तयार करायला लावणाऱ्या या स्वस्त इंजेक्शनचा वाटा मोठा आहे.

त्याचा शोध मेंढ्यांच्या गोठ्यात लागला. न्यूझीलंडमधील ऑकलंडचे डॉ. लिगिन्स कळा मुळात सुरू कशा होतात याचा अभ्यास करत होते. गर्भातल्या कोकरांना त्यांनी स्टिरॉइड दिले, तेव्हा मेंढ्या वेळेआधी व्याल्या; पण ज्या वयाच्या कोकराने श्वास घ्यायलाच नको होता, ते श्वास घेताना दिसले. हे निरीक्षण १९६९ मध्ये छापून आले. मग बालरोगतज्ज्ञ हॉवी यांना बरोबर घेऊन त्यांनी २८२ गर्भवतींवर, डेक्साच्याच जातीच्या बीटामेथासोनची, रीतसर चाचणी केली आणि १९७२ मध्ये तिचे निष्कर्ष मांडले. इंजेक्शन मिळालेल्या गटात पहिल्या आठवड्यात दगावलेल्या बाळांचे प्रमाण ३.२ टक्के होते, न मिळालेल्या गटात १५ टक्के. इतका उघड फरक दिसूनही जगभरातील डॉक्टर पुढे वीस वर्षे कचरत राहिले. पुढच्या चाचण्या लहान लहान होत्या आणि प्रत्येकीचा निकाल एकटा वाचला तर डळमळीत वाटे. त्या सगळ्या एकत्र मांडल्यावरच चित्र स्पष्ट झाले. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या बोधचिन्हात ज्या आडव्या रेषा दिसतात, त्या याच चाचण्यांच्या निकालांच्या आहेत. अमेरिकेत १९९४ मध्ये तज्ज्ञांची परिषद भरून सर्वसंमत शिफारस झाली, तोवर किती बाळे विनाकारण गेली असतील याचा विचार मी करायचे टाळते.

येथवरची कथा सर्वांना आवडते. मला मात्र तिचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तो आपल्यासारख्या भागांबद्दल आहे.

श्रीमंत देशांतील मोठ्या रुग्णालयांत जे इंजेक्शन एवढे गुणकारी ठरले, ते खेड्यापाड्यांतल्या प्रत्येक गर्भवतीपर्यंत पोहोचवले तर गरीब देशांत लाखो बाळे वाचतील, असा हिशेब साहजिकच मांडला गेला. तो तपासण्यासाठी अर्जेंटिना, ग्वाटेमाला, केनिया, झांबिया, पाकिस्तान आणि भारत या सहा देशांत ‘ॲक्ट’ नावाची फार मोठी चाचणी झाली. भारतातील तिची केंद्रे होती बेळगाव आणि नागपूर, म्हणजे तिच्यात सहभागी झालेल्या बायका आमच्या बायकांहून फार निराळ्या नव्हत्या. गावांचे गट पाडले, निम्म्या गटांतील आरोग्यसेविका, सुईणी आणि डॉक्टर यांना वेळेआधीच्या कळा ओळखायला शिकवले, इंजेक्शनचे संच दिले, आणि सुमारे एक लाख जन्मांची नोंद ठेवली. हे निष्कर्ष २०१४ च्या अखेरीस ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रथम आले, तेव्हा अनेकांना आपण वाचतो आहोत ते खरे वाटेना. सर्वांत कमी वजनाच्या बाळांच्या मृत्यूंत काहीच फरक पडला नव्हता. सगळी बाळे धरली तर पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू नेहमीची सेवा मिळालेल्या गटात दर हजारी २३.९ होते, आणि इंजेक्शन पोहोचवलेल्या गटात २७.४. म्हणजे दर हजार बाळांमागे साडेतीन मृत्यू अधिक. शिवाय आयांमध्ये जंतुसंसर्गाचा संशयही वाढलेला होता.

औषध त्याच जातीचे होते. मग बिघडले कुठे? ठाम उत्तर त्या संशोधकांनाही देता आले नाही. पण ज्यांनी खेड्यात काम केले आहे त्यांना या निबंधातील दोन गोष्टी लगेच खुपतील. पहिली म्हणजे, पाळीची तारीख ठाऊक नसलेल्या बाईचे दिवस किती भरले आहेत ते ठरवायला सेविकेकडे होती ती पोटावर लावायची रंगीत फीत. गर्भाशयाची उंची अमुक रंगापर्यंत आली तर इतके आठवडे, असा तिचा हिशेब. आता ज्या बाईचे स्वतःचे वजन चाळीस किलो आहे, जिचे रक्त कमी आहे, जिने नऊ महिने मोळ्या वाहिल्या आहेत, तिचे बाळ दिवस भरूनही लहानच असते आणि पोट लहानच दिसते. बाळ लहान आहे की लवकर येते आहे, हे फितीला कसे कळावे? प्रत्यक्षात इंजेक्शन मिळालेल्या बहुतेक बायकांची बाळे पुढे तितकी लहान जन्मलीच नाहीत. म्हणजे त्यांना ते मुळात नको होते. आणि हे औषध नको असताना दिले तर निरुपद्रवी राहते असे नाही. या जातीच्या औषधाचे कोर्स पुन्हा पुन्हा दिल्यास बाळाचे वजन आणि डोक्याचा घेर कमी भरतो, हे वीस देशांत झालेल्या एका चाचणीने २००८ मध्येच दाखवले होते. दुसरी गोष्ट म्हणजे, खरोखर वेळेआधी जन्मलेल्या बाळाला पुढे ठेवायला ऊबदार जागा, ऑक्सिजन आणि जाणती सिस्टर बहुतेक ठिकाणी नव्हती.

म्हणून सिरिंज भरण्याआधी मी दोन प्रश्न विचारते. किती आठवडे झाले, आणि बाळ कुठे ठेवणार?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळवणे हे आमच्याकडे एक स्वतंत्र काम असते. साखर कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, ऊसतोड टोळ्या गावी परतल्यावर ओपीडीत जे दृश्य दिसते ते असे. बाई बाकावर आडवी होऊन कळा सोसते आहे, शेजारी सासू आहे, दाराशी नवरा. सासू म्हणते, “सातवा सरला बगा, आठवा लागलाय अन् आठव्यातलं लेकरू जगत न्हाई म्हनत्यात.” माता-बाल संरक्षण कार्डावर शेवटच्या पाळीचा रकाना कोरा आहे, कारण नोंदणी होण्याआधीच कोयता, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी, उचल (आगाऊ रक्कम) घेऊन सांगलीकडे गेला होता. कारखान्याच्या गावी गेल्या आठवड्यात केलेल्या सोनोग्राफीचा कागद घडी करून पिशवीत आहे, त्यावर ३० आठवडे लिहिले आहे. सासू, कार्ड आणि कागद यांतले काहीच पुरे पडत नाही. कारण शेवटच्या तीन महिन्यांत केलेली सोनोग्राफी तीन आठवडे इकडे किंवा तिकडे चुकू शकते. ती बाळाच्या मापावरून वय सांगते, आणि आमच्या बाळांची मापे लहान असतात. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी मात्र आठवडाभराच्या आत बरोबर येते.

अशा वेळी मी सासूला म्हणते, “मावशी, जरा तिलाच सांगू द्या.” मग बाई हळूच सांगते, “महालक्ष्म्या उठल्या अन् चौथ्या दिशी आल्ती. मोदक झाले तवा न्हवती, मी सोताच केले व्हते.” मराठवाड्यातल्या बायकांची पाळी इंग्रजी तारखेला येत नाही. ती पोळ्याला येते, नाहीतर महालक्ष्म्यांना, घटाला किंवा येळवशीला, कारण त्या दिवशी देवाचे करायला चालते की नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक असते. सणावरून सांगितलेली पाळी मला कोऱ्या रकान्यापेक्षा आणि उशिराच्या सोनोग्राफीपेक्षा पुष्कळदा अधिक भरवशाची वाटली आहे. त्यासाठी भिंतीवरच्या दिनदर्शिकेबरोबर मागच्या वर्षाचीही जपून ठेवावी लागते, कारण सण एका तारखेला येत नाहीत. पोळा २०२२ मध्ये ऑगस्टच्या शेवटी होता आणि २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे १४ सप्टेंबरला. एवढ्या फरकाने ३२ आठवड्यांचे ३४ होऊ शकतात, आणि ३४ आठवड्यांच्या अलीकडे आणि पलीकडे निर्णय वेगळा आहे. या बाईच्या हिशेबाने ३३ आठवडे भरत होते. गर्भाशयाचे तोंड तीन सेंटिमीटर उघडले होते, ताप नव्हता, पाणी गेलेले नव्हते. तिला मी पहिला डोस दिला आणि त्याच वेळी १०८ ला फोन लावला.

आठव्या महिन्यातले मूल जगत नाही या समजुतीबद्दल एवढेच सांगते की बाळाचा प्रत्येक जादा आठवडा त्याच्या बाजूचाच असतो. सातव्यापेक्षा आठव्यातले मूल केव्हाही अधिक धडधाकट. पण ही समजूत निरुपद्रवी नाही. ‘तसंही जगणार न्हाई’ असे म्हणून गाडीला नकार देणारे घर मी पाहिले आहे, आणि तिथे वाद घालण्यात मिनिटे जातात.

‘ॲक्ट’च्या धक्क्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये या इंजेक्शनाला अटी जोडल्या: दिवस नेमके ठाऊक असावेत, बाळंतपण खरोखर जवळ आलेले असावे, आईला जंतुसंसर्गाची लक्षणे नसावीत, बाळंतपणाची नीट सोय असावी, आणि वेळेआधीच्या बाळाला ऊब, दूध, ऑक्सिजन, प्रतिजैविके आणि श्वास देण्याची मदत मिळावी. या अटी पाळल्या तर गरीब देशातही फायदा होतो का, हा प्रश्न उरला होता. त्यासाठी संघटनेने भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया आणि नायजेरिया येथील २९ रुग्णालयांत नवी चाचणी घेतली. तिच्यात २६ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यानच्या २,८५२ स्त्रिया होत्या आणि दिवस सोनोग्राफीने पक्के केलेले होते. फायदा इतका स्पष्ट दिसू लागला की चाचणी आधीच थांबवावी लागली. दगावलेल्या नवजात बाळांचे प्रमाण इंजेक्शनच्या गटात १९.६ टक्के आणि दुसऱ्या गटात २३.५ टक्के होते. म्हणजे साधारण पंचवीस आयांना औषध दिल्यावर एक बाळ अधिक वाचले. आयांचा जंतुसंसर्गही वाढला नाही. २०२० साली हे वाचताना माझ्या मनावरचे ओझे उतरले. औषधात खोट नव्हती. ते देण्याच्या जागेची आणि वेळेची निवड चुकत होती.

दरम्यान आपल्या केंद्र सरकारने २०१४ मध्येच एएनएम सिस्टरना, म्हणजे उपकेंद्रातील आरोग्यसेविकांना, बाईला पुढे पाठवण्यापूर्वी पहिला डोस देण्याची मुभा दिली होती. याबद्दल माझे मत दोन्ही बाजूंनी टीका ओढवून घेणारे आहे. उपकेंद्रात डोस द्यावा, पण कार्डावर पाळीची तारीख किंवा पहिल्या तीन महिन्यांची सोनोग्राफी असेल तर, आणि गाडी येणार हे नक्की असेल तर. डोस देऊन ‘आता बघू सकाळी’ म्हणून घरी पाठवणे यासारखे दुसरे वाईट नाही. सहा मिलिग्रॅमचे चार डोस बारा बारा तासांनी द्यायचे असतात, आणि कागदावर पहिल्याची वेळ लिहिलेली नसली तर पुढचा डॉक्टर पहिल्यापासून सुरुवात करतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकाशावर असते. बाळ पोटात असताना आईला अंबाजोगाई, लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात नेणे आणि जन्मलेले दीड किलोचे बाळ फडक्यात गुंडाळून त्याच रस्त्याने नेणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. नातेवाईक खर्चाला भितात. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधे आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत असते, हे २०११ पासून चालू असूनही अनेकांना माझ्याकडून प्रथमच कळते.

तिथे पोहोचल्यावर मग ‘काचेच्या पेटी’चा विषय येतो. पेटीत ठेवले म्हणजे उपचार झाला आणि आईच्या छातीवर ठेवले म्हणजे पेट्या कमी पडल्या, असा आमच्याकडे पक्का ग्रह आहे. छातीशी बाळ धरण्याची पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. रेय यांनी सुरू केली, तेव्हा कारण तेच होते, पेट्या अपुऱ्या होत्या. पुढे अनेक वर्षे नियम असा राहिला की बाळ आधी पेटीत स्थिर होऊ द्यावे आणि मग आईकडे द्यावे. पण जी बाळे जातात त्यांतली बरीच स्थिर होण्याआधीच जातात. म्हणून दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय आणि घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया येथील रुग्णालये मिळून १ ते १.८ किलोच्या दरम्यानच्या ३,२११ बाळांचा अभ्यास झाला. निम्म्या बाळांना जन्मल्यापासूनच आईच्या छातीवर ठेवले, अतिदक्षता कक्षातच आईची खाट टाकून, दिवसाला साधारण सतरा तास. या गटात २८ दिवसांत १२ टक्के बाळे गेली, नेहमीच्या पद्धतीत १५.७ टक्के. ही चाचणीही मध्येच थांबवली गेली, कारण दुसऱ्या गटाला हा लाभ नाकारणे योग्य नव्हते. निष्कर्ष २०२१ मध्ये आले आणि पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस बदलली.

हे कागदावर सोपे वाटते. प्रत्यक्षात बाळाला फक्त टोपी, मोजे आणि लंगोट घालून, आईच्या दोन्ही स्तनांच्या मध्ये उभे, मान एका बाजूला वळवून, पाय बेडकासारखे दुमडून ठेवायचे आणि जुन्या मऊ लुगड्याने दोघांना एकत्र बांधायचे असते. सोयर असल्यामुळे पाचवीपर्यंत आजी हात लावायला बिचकते. आई सिझेरियनची असली तर मग धरणार कोण? बाप धरू शकतो, आणि एकदा धरला की सोडत नाही, असा माझा अनुभव आहे. आजीही पुढे तयार होते, फक्त तिला आधी एकदा बाळाचे पाय आपल्या हाताने चाचपून पाहायला लावावे लागते. बाहेर मे महिन्याचे ऊन चाळिशी ओलांडत असताना ‘एवढ्या उकाड्यात गुंडाळायचं कशाला’ असे म्हणून कूलरसमोर ठेवलेल्या बाळाचे पोट गरम आणि तळवे गार लागतात. तळवे गार म्हणजे बाळ ऊब राखण्यासाठी आपले साठे जाळते आहे, आणि दीड किलोच्या बाळाकडे साठे असे नसतातच.

दसऱ्यानंतर टोळ्या पुन्हा निघतील. निघण्यापूर्वी ज्यांची पाळी चुकली असेल त्यांनी मुकादमाच्या गाडीत बसण्याआधी आशाताईंकडे नोंद करून कार्डावर पाळीची तारीख लिहून घ्यावी. तारीख आठवत नसेल तर सण सांगावा, त्या दिनदर्शिका पाहून तारीख काढतील. पहिली सोनोग्राफी इथेच करून घ्यावी आणि तिच्या कागदाचा फोटो नवऱ्याच्या मोबाईलमध्ये ठेवावा, कारण कोपीतला, म्हणजे फडावरच्या झोपडीतला, कागद पहिल्या पावसात जातो. आणि फडात वेळेआधी कळा आल्या तर तिथल्या डॉक्टरला तो फोटो सर्वांत आधी दाखवावा, इंजेक्शनबद्दल बोलणे त्यानंतर.